ठोकळा धरणारी

रिव्हेट एकट्याने मारता येत नाही. पत्र्याच्या अलीकडे एक माणूस हवेची गन घेऊन उभा राहतो, पलीकडे दुसरा माणूस पोलादाचा ठोकळा रिव्हेटच्या शेपटाला टेकवून धरतो. गन तडतडते, ठोकळा थरथरतो, आणि मधल्या मध्ये तो इवलासा खिळा चेपून दोन पत्रे जन्माचे एक होतात. गनवाल्याला पलीकडचं दिसत नाही, ठोकळेवाल्याला अलीकडचं दिसत नाही. दोघांच्या कानांवर जाड टोपणं, म्हणून बोलणंही नाही. मग बोलायचं ते ठोक्यांनी. ठोकळा धरणाऱ्याने पत्र्यावर एक ठोका दिला तर अजून मार. दोन दिले तर बसला. तीन दिले तर बिघडला, काढून टाक.

व्हर्लिन आणि आर्डिस टोस्त्रुड ही नवरा-बायको नऊ वर्षं असं बोलत होती.

व्हर्लिनने जन्मभर आमच्या गावातल्या घरांना ऊब देणाऱ्या भट्ट्या बसवल्या. मिनेसोटाच्या हिवाळ्यात ज्याच्या घरी भट्टी बंद पडे त्याला देवाच्या आधी व्हर्लिन आठवे. पत्रा त्याच्या हातात कणकेसारखा वळायचा. आर्डिसने शाळेची बस चालवली, आणि तिचे दंड बघून बसमधली मस्तीखोर पोरं आपोआप गप्प बसत. दोघंही निवृत्त झाली त्या वर्षी एक ट्रक दारात येऊन थांबला आणि दोन लांबच लांब लाकडी खोकी उतरवून गेला.

"दोन शवपेट्या एकदम मागवल्यास?" आर्डिसने विचारलं. "स्वस्त पडतात का?"

"पंख आहेत."

"कुणाचे?"

"आपले."

"मला दोन हात पुरतात बाबा."

सुटे भाग मागवून व्हर्लिन गॅरेजात विमान बांधणार होता, पण ठोकळा धरायला दुसरं होतं कोण? मुलगी रोंडा लग्न होऊन मिनियापोलिसला. आर्डिसने एक अट घातली, ठोकळा धरीन, पण मला वर न्यायचं नाव काढायचं नाही.

"इतकी वर्षं बर्फात बस चालवलीस, तेव्हा भीती वाटली नाही, ती आता वाटते?"

"बसला चाकं असतात व्हर्लिन, आणि चाकांखाली रस्ता असतो."

"विमानालाही चाकं असतात."

"असतात. आणि तू ती रस्त्यावरून उचलतोस."

गॅरेजात विमान शिरलं आणि मोटार बाहेर आली. आमच्याकडे हिवाळ्यात मोटार बाहेर ठेवणारा माणूस एक तर परगावचा असतो किंवा वेडा. रोज सकाळी आर्डिस मोटारीवरचा बर्फ खरवडायची आणि आत गॅरेजात व्हर्लिनने स्वतःच्या हाताने बसवलेली भट्टी विमानासाठी गुरगुरत असायची. चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता बायकांनी त्यावर गाणंच रचलं:

टोस्त्रुडांच्या दारी, मोटार कुडकुडे
विमान बाई गडे, उबेला गं

आर्डिस ते ऐकून हसायची आणि घरी येऊन व्हर्लिनला म्हणून दाखवायची. तो म्हणायचा, "चाल चुकली तुझी." मग कानांवर टोपणं चढायची. गन तडतडायची. पत्र्याआडून दोन ठोके यायचे, आणि व्हर्लिन कुणाला ऐकू जात नसतानाही मोठ्याने म्हणायचा, "पुढचा!"

आर्डिसला तो शब्द ऐकू यायचा नाही. पण तो म्हटला गेला की पत्र्यावरचं त्याच्या डाव्या हाताचं ओझं किंचित हलायचं. तिच्या बोटांना ते कळायचं. हजारो रिव्हेट. हजारो वेळा दोन ठोके, आणि हजारो वेळा त्याचा हात हलला. चाळीस वर्षांच्या संसारात ती दोघं एकमेकांशी एवढं कधी बोलली नव्हती.

गावाबाहेर मक्याच्या शेतांमधून काढलेली गवताची धावपट्टी आहे आणि तिच्या कडेला विमानं ठेवायचे पत्र्याचे हँगर. तिथे उन्हाळ्यात शनिवारी सगळे आपापली विमानं घेऊन येतात, तव्यावर जाड गोड धिरडी निघतात. तिथली एक रीत आहे. दुसऱ्याच्या विमानाजवळ उभं राहायचं तर हात पाठीमागे बांधून. धन्याने 'लावा हात' म्हटल्याशिवाय बोटसुद्धा टेकवायचं नाही. पोरांना आधी हे शिकवतात, मग बाकीचं. व्हर्लिन या बाबतीत फार कडक. एकदा एक पाहुणा कुणाच्या तरी पंखाला रेलून सिगारेट शोधत होता, तर व्हर्लिन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"ही तुमची बायको आहे का?"

"काय?"

"नाही ना? मग रेलू नका."

आर्डिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण घरी येताना मोटारीत दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

दुसरी रीत पंख मिटण्याची. पंखाचा शेवटचा पत्रा बसवला की आतलं कायमचं झाकलं जातं. म्हणून त्याआधी घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आत आपापली नावं लिहायची. विमान उडेल तेव्हा ती माणसंही त्याच्याबरोबर जातात, असं मानतात.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर लोक गॅरेजात आले. आर्डिसने कॉफी केली होती, खारकेच्या वड्या केल्या होत्या. पाद्रीबाईंनी नाव लिहिलं. रोंडाने लिहिलं. मक्यावर फवारणीचं विमान उडवणाऱ्या गेलनने आपलं नाव लिहून खाली लिहिलं, 'वड्या उत्तम.' आर्डिसने कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं. व्हर्लिनने सगळ्यात शेवटी लिहिलं, एक पाऊल मागे सरून बघितलं, कॉफी घेतली, आणि परत येऊन म्हणाला,

"अरे, मी राहिलोच की!"

त्याने पुन्हा नाव लिहिलं. लोक हसले. गेलन म्हणाला, "दोनदा लिहिलं की विमान दोनदा उडतं का रे?" व्हर्लिनही हसला. कप खाली ठेवला. पेन उचललं.

"मी राहिलोच की," तो म्हणाला, आणि तिसऱ्यांदा लिहायला लागला.

आता कुणी हसलं नाही. कुणीतरी मुद्दाम मोठ्याने थंडीचा विषय काढला. आर्डिस वड्यांची रिकामी ताटली घेऊन आत गेली आणि भरलेली ताटली घेऊन यायला तिला बराच वेळ लागला.

त्याच आठवड्यात शेवटचा पत्रा बसवायला घेतला. पंखाच्या पोटात हात कोपरापर्यंत घालून आर्डिस ठोकळा धरायची. चांगलं चाललं होतं. मग एक रिव्हेट तिरका चेपला. आर्डिसने तीन ठोके दिले. पत्र्यावरचं ओझं हललं.

पुढचा.

तिला वाटलं, घाईत असेल, मागाहून काढू. पुढचाही तिरका गेला. तीन ठोके. ओझं हललं. तिसराही तसाच. तिने जोरजोरात ठोके दिले, तीन, पुन्हा तीन. या वेळी गन वाजली नाही आणि ओझंही हललं नाही. आर्डिसने हात बाहेर काढला, कानांवरचं टोपण काढलं आणि पंखाला वळसा घालून पलीकडे गेली.

व्हर्लिन गन हातात घेऊन उभा होता. पत्र्याकडे बघत होता. त्याचा चेहरा चूक झालेल्या माणसाचा नव्हता, वाट चुकलेल्या माणसाचा होता.

"आर्डी," तो म्हणाला, "तीन म्हणजे काय गं?"

तिने त्याच्या हातातली गन काढून खाली ठेवली. मग त्याच्या पंजावर आपल्या बोटाच्या पेराने ठोकून त्याला शिकवलं. एक म्हणजे अजून मार. दोन म्हणजे बसला. तीन म्हणजे बिघडला. तो पोरासारखा मान हलवत होता. "हां हां," म्हणत होता, "बरोबर. मीच तुला शिकवलं होतं ना हे?"

"तूच."

बिघडलेले रिव्हेट दोघांनी बारीक ड्रिलने काढले, नवे मारले. दोन दिवसांचं काम आठवड्याचं झालं. आर्डिसचा खांदा भरून आला. अगदी शेवटी, पंखाच्या मागच्या कडेला, एक रिव्हेट किंचित कलला. तेवढ्याने काही होत नाही, अशी जागा होती. तीन ठोके द्यायला हवे होते. पण तीन दिले की तो पुन्हा थांबणार, पुन्हा त्या चेहऱ्याने बघणार. आर्डिसने कपाळ थंड पत्र्याला टेकवलं आणि दोन ठोके दिले.

ओझं हललं. नऊ वर्षांत ठोक्यांत ती पहिल्यांदा खोटं बोलली.

डॉक्टरांनी जे सांगायचं ते सौम्य शब्दांत सांगितलं. मोटारीच्या किल्ल्या आर्डिसच्या पर्समध्ये गेल्या. विमान चालवण्याचा तर प्रश्नच नव्हता. रोंडाचा फोन आला.

"आई, विकून टाक ते. घेणारे असतात."

"नाही."

"बाबा उडवणार आहेत का आता?"

"उडवणार नाही. बसेल. शेजारच्या सीटवर बसेल. गेलन चालवेल."

"आणि त्यांना कळणार आहे का, कशात बसलेत ते?"

आर्डिसने फोनची तार बोटाला गुंडाळली. "म्हणून तर घाई आहे," ती म्हणाली.

तेवढंच हवं होतं तिला. आपण केलंय हे त्याला ठाऊक असताना त्याने एकदा त्यात बसून वर जावं. बाकी काही नको होतं.

मग ती कामाला लागली. गेलन संध्याकाळी यायचा. इंजिन बसलं. व्हर्लिनला पान्याचं नाव आठवायचं नाही, पण पाना हातात दिला की हात आपोआप बरोबर जागी जायचा. जूनमध्ये पंख सुटे करून गवताच्या ट्रॉलीवर चढवले, धड दुसऱ्या ट्रॉलीवर. ट्रॅक्टर पुढे, आणि मागून निम्मं गाव पायी. चर्चच्या बायकांनी गाणं वाढवलं होतं:

उबेतली लेक, निघाली सासरी
गॅरेज माघारी, सुनं सुनं

गाणं थट्टेचं होतं, पण आर्डिसने खरोखरच डोळे पुसले. व्हर्लिन तिच्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "रडतेस काय वेडे? आता मोटार आत ठेवता येईल."

ऑगस्टमध्ये विमान तपासायला सरकारी तपासनीस आला. बारीक अंगाचा, सभ्य माणूस, हातात टॉर्च. त्याने इंजिनाच्या बोल्टांना पिळून बांधलेली तार बघितली आणि व्हर्लिनला विचारलं, ही कशी बांधली? व्हर्लिनने इतकं सुरेख सांगितलं, तार कुठल्या बाजूला ओढायची, पीळ किती घट्ट, बोल्ट सैल व्हायला लागला तर तारच त्याला कसं आवळते, की आर्डिसला वाटलं, डॉक्टरांचंच काहीतरी चुकलं. मग व्हर्लिन तपासनिसाला म्हणाला, "तुमची भट्टी जुनी आहे का हो? धूर मारते का?"

तपासनिसाने टॉर्च खाली घेतला. "नाही," तो म्हणाला, "गॅसची आहे. चांगली चालते."

"मग झालं तर."

पुढचे प्रश्न त्याने आर्डिसकडे बघून विचारले. तिने उत्तरं दिली. पंखाच्या कण्याला कुठले बोल्ट, शेपटाची केबल कुठून वळते, सगळं. शेवटी सही करताना त्याने नियम सांगितला. उड्डाणाचे पहिले चाळीस तास विमानात फक्त चालवणारा. दुसरं कुणीही नाही.

आर्डिसचा चेहरा उतरला. पण व्हर्लिनने मान डोलावली. "बरोबर आहे. नव्या विमानाने कुणाची बायको मारू नये."

सप्टेंबरच्या एका सकाळी, वारा निजलेला असताना, गेलनने ते पहिल्यांदा उचललं. चाकं गवतावरून सुटली, पंखांखाली उजेड शिरला, आणि व्हर्लिन टोपी हातात घेऊन धावपट्टीच्या कडेने पळत सुटला. या वयात, त्या गुडघ्यांनी. "माझं आहे ते!" तो प्रत्येकाला सांगत होता. "आर्डीचं आणि माझं! हिने ठोकळा धरला!" तो धापा टाकत परत आला आणि आर्डिसच्या दंडाला धरून म्हणाला, "एक रिव्हेट सुटला नाही गं. बघितलंस? एक नाही सुटला."

तो दिवस तिने उराशी धरून ठेवला.

पण चाळीस तास काही केल्या भरेनात. कधी वारा, कधी धुकं. इंजिनातून तेल पाझरलं, ते दुरुस्त करण्यात आठवडा गेला. मक्याची कापणी सुरू झाली, गेलनला भावाच्या शेतावर जावं लागलं. शनिवार आला की आर्डिस थर्मासमध्ये कॉफी भरायची, व्हर्लिनला गळाबंद कोट घालायची आणि घेऊन जायची. हँगरच्या दारात दोन घडीच्या खुर्च्या. तो विचारायचा, "मी कधी?" ती म्हणायची, "थोडे राहिले."

ऑक्टोबरात एक दिवस असा आला की आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. रानबदकांचे थवे दक्षिणेकडे निघालेले. व्हर्लिन सकाळीच दाढी करून, स्वतःच बूट घालून तयार होता. सगळ्यांना नावाने हाका मारत होता. गेलनने ते बघितलं, आर्डिसकडे बघितलं, आणि शेजारच्या सीटवरची धूळ बाहीने पुसली.

"चल रे व्हर्लिन. एक चक्कर मारू. कोण बघतंय? ही बदकं?"

"किती झाले?"

"सत्तावीस."

"मग तेरा राहिले."

"अरे, पण दिवस बघ ना कसा पडलाय!"

"तेरा राहिले, गेलन."

आर्डिस खुर्चीवरून उठली. "व्हर्लिन, जा ना आज. माझ्यासाठी."

तो वळला. किती दिवसांनी तो असा सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता. "आर्डी, नऊ वर्षांत आपण एक तरी काम नियम सोडून केलं का? वाकडा गेलेला प्रत्येक रिव्हेट काढला आपण. आता शेवटी कशाला? चाळीस झाले की जाऊ. तू पण."

तिच्या ओठांवर आलं होतं, चाळीस होतील तेव्हा तू कुठे असशील? पण हे नवऱ्याला कसं विचारायचं? आणि त्या एका रिव्हेटची गोष्ट तरी कशी सांगायची? ती खाली बसली. थर्मासचं झाकण उघडून कॉफी ओतली. गेलन एकटाच विमानात चढला आणि त्या निळ्याशार दिवसात एकटाच फिरून आला.

नंतर व्हर्लिन झपाट्याने गेला. म्हणजे माणूस इथेच होता. जेवायचा, फिरायचा, जेवल्यावर 'थँक्यू बाई' म्हणायचा. एकदा त्याने सभ्यपणे विचारलं, "तुम्ही इथेच जवळपास राहता का?" आर्डिस म्हणाली, "हो, याच घरात." तो म्हणाला, "चांगलं उबदार घर आहे. भट्टी कुणीतरी नीट बसवलीय." दुपारी तो गॅरेजात जाऊन बसायचा. आता तिथे मोटार होती. तो मोटारीच्या पत्र्यावरून हात फिरवत राहायचा आणि काहीतरी शोधायचा.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी गेलनचा फोन आला. "आर्डिस, भरले चाळीस. आणा त्याला."

कापलेल्या मक्याच्या खुंटांवर दहिवर पडलं होतं. विमान हँगरबाहेर काढून ठेवलं होतं, थंड उन्हात पांढरं चकचकीत. आर्डिस व्हर्लिनचा हात धरून त्याला घेऊन गेली. पंखापासून दोन हातांवर तो थांबला. त्याने तिच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

गेलन दुसरीकडे बघायला लागला.

व्हर्लिन पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. वाकून बघितलं, मान तिरकी करून उजेडात पत्र्याची पातळी बघितली. हात पाठीमागेच.

"काम केलंय बरं का कुणीतरी," तो म्हणाला. "कुणाचं आहे हो?"

आर्डिसला वाटलं, ओरडावं. त्याला गदागदा हलवावं. तुझं आहे, तुझं, तू पळाला होतास याच्यामागे टोपी घेऊन. पण समोर हात बांधून उभा असलेला माणूस इतका अदबीने उभा होता, इतका तिचा व्हर्लिन होता, की तिचा आवाज मऊ झाला.

"माझं आहे," ती म्हणाली. "लावा ना हात. लावा."

त्याने हात मोकळे केले, तळवा पँटला पुसला आणि पंखावर ठेवला. रिव्हेटच्या ओळीवरून तो तळवा सावकाश सरकत गेला. आंधळा माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरून फिरवतो तसा. मागच्या कडेला येऊन थांबला. बोट एका जागी मागेपुढे झालं.

"हा कललाय."

"हो," आर्डिस म्हणाली.

"ठोकळा कुणी धरला होता?"

"मी."

"मग तीन ठोके द्यायचे होते, बाई."

"दमले होते हो मी."

त्याने त्या रिव्हेटवरून पुन्हा बोट फिरवलं. "असू दे," तो म्हणाला. "याने काही होत नाही. पण सांगायचं. पलीकडच्याला दिसत नसतं."

गेलन पुढे झाला. "चल व्हर्लिन, बस आत. फिरवून आणतो."

"मी?" व्हर्लिन एक पाऊल मागे सरला. "छे छे. या बाईंनी बांधलंय ना? मग पहिल्यांदा त्यांनी जायचं. असं कसं?"

"त्यांना भीती वाटते रे."

"कशाची? एवढं चांगलं केलंय त्यांनी." तो आर्डिसकडे वळला, आणि हात पुढे केला. "पर्स द्या तुमची. मी सांभाळतो. तुम्ही या जाऊन."

आर्डिसने गेलनकडे बघितलं. मग पर्स व्हर्लिनच्या हातात दिली, आणि पंखावर पाय ठेवून चढली. दरवाजे लागले, प्रोपेलर फिरला, गवत धावायला लागलं. तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. तळव्याखाली पत्रा थरथरत होता. ती थरथर तिच्या ओळखीची होती. नऊ वर्षं मनगटातून खांद्यापर्यंत चढलेली. मग धक्के थांबले.

"आर्डिस, उघडा डोळे," गेलन म्हणाला. "तुमच्यासाठी वळवतोय."

खाली गाव होतं. चर्चचा सुळका, पाण्याची टाकी, गोठत आलेली नदी. आणि तिचा बसचा रस्ता. ओल्सनांचं वळण, पूल, शाळा, सगळा एका नजरेत मावत होता. ज्या रस्त्यावर तिची निम्मी हयात गेली तो एवढासा होता, टाकलेल्या दोऱ्यासारखा. आणि धावपट्टीच्या कडेला एक ठिपका. तो हलत नव्हता. पोटाशी तिची लाल पर्स दोन्ही हातांनी धरून तो वर बघत होता.

"इथे तो हवा होता, का मी?" तिने विचारलं. तिला काय म्हणायचं होतं ते गेलनला कळलं. त्याने आणखी एक फेरी मारली.

विमान उतरलं. ती पंखावरून घसरत खाली आली आणि तिथेच, पंखाच्या मागे गार गवतात बसली. पंखाच्या पलीकडे व्हर्लिनचे बूट दिसत होते. ते जवळ आले.

"पर्स आहे माझ्याकडे," पलीकडून त्याचा आवाज आला. "उघडली नाही हं मी. कसं होतं?"

तिने हात वर केला आणि पंखाच्या पोटावर, खालून, बोटाच्या पेराने ठोकलं. दोनदा.

मग पत्र्यावर ओझं आलं. त्याचा तळवा होता. ते किंचित हललं.

"पुढचा," व्हर्लिन म्हणाला.

आर्डिस गवताला धरून उठली. पंखावरून तिने पाहिलं, पर्स त्याने काखेत धरली होती आणि उजवा हात पुढे केला होता, बोटं अर्धवट मिटलेली, गन घ्यायला. हात तसाच राहिला. हवेत, रिकामा, वाट बघत. ती वळसा घालून गेली. खुर्चीशेजारचा थर्मास उघडून कॉफी ओतली, आणि तो कप त्या हातात दिला.

त्याने कपाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"थँक्यू, बाई," तो म्हणाला. "थंडी आहे फार."